सिंहांचा शिक्का आम्ही का बनवून देत नाही

रबरी शिक्का किंवा लेटरहेड करायला येणारे बरेच जण नमुन्याच्या कागदावर वर तीन सिंह काढूनच आणतात. आम्ही नाही म्हटलं की काहींना वाईट वाटतं. म्हणून कारण एकदा लिहून देत आहोत.

ती राजमुद्रा म्हणजे सरकारची सही आहे. ती कागदावर उमटली की वाचणारा समजतो, हे सरकार बोलतंय. सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून ती घेतली आणि २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारली. सिंह चार आहेत, पाठीला पाठ लावून. समोरून तीनच दिसतात. पायथ्याशी मधोमध चक्र, आपल्या उजव्या हाताला बैल, डाव्या हाताला धावता घोडा. त्याखाली मुंडकोपनिषदातलं ‘सत्यमेव जयते’ देवनागरीत. हे शब्द गाळले तर मुद्रा अपुरी राहते.

आपल्या इंदूरचा तर तिच्याशी जवळचा संबंध आहे. संविधानाच्या हस्तलिखितासाठी हे सिंह रेखाटणारे दीनानाथ भार्गव तेव्हा शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते. सिंहाची ठेवण नीट कळावी म्हणून ते कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन खरे सिंह पाहत. पुढे ते इंदुरात राहिले. २०१६ मध्ये इथेच त्यांचं निधन झालं. इतकं निरखून काढलेलं चित्र दुकानाच्या पावतीवर उमटवायला आमचा हात धजत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मुद्रेच्या गैरवापरासाठी २००५ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंतची कैद सांगितली आहे. २००७ च्या नियमांप्रमाणे माजी मंत्री, माजी आमदार, निवृत्त न्यायाधीश आणि निवृत्त अधिकाऱ्यांनाही ती वापरता येत नाही. घराच्या पाटीवर सिंह हवेत असं निवृत्त काका मोठ्या अभिमानाने सांगतात, तेव्हा नकार देणं फार जड जातं. त्यांच्या नावापुढे जुनं पद आणि ‘निवृत्त’ असं आम्ही सुरेख अक्षरात कोरून देतो.

“सिंह नको तर निदान चक्र टाका,” असंही सांगितलं जातं. पण धंद्यासाठी अशोकचक्र वापरायलाही १९५० च्या कायद्याने मनाई आहे.

नोटरींचा शिक्का साधा गोल, ५ सेंटिमीटर व्यासाचा. त्यात नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचं नाव येतं. नेमणुकीचा कागद सोबत आणावा. कंपन्यांना २०१५ पासून शिक्का सक्तीचा नाही. तरी हवा असेल तर आपलं स्वतःचं बोधचिन्ह द्या, नसेल तर आम्ही काढून देऊ.

सरकारी कार्यालयाचा शिक्का करायचा असल्यास अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र लागेल, आणि तयार शिक्का त्याच कार्यालयाच्या माणसाच्या हाती दिला जाईल.