हितचिंतक आणि टोपणनाव

आमच्या सोसायटीच्या फलकावर दर पावसाळ्यात एक चिठ्ठी लागते. ‘काही सुशिक्षित मंडळी कुंड्यांचे पाणी गॅलरीतून खाली सोडतात. सुज्ञांस सांगणे न लगे.’ खाली सही, ‘एक त्रस्त रहिवासी’. दुपारपर्यंत अख्खी बी विंग संशयित. चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे एक तुळस सोडली तर कुंडीच नाही, पण त्याही दोन दिवस लिफ्टमध्ये कुणाशी बोलत नाहीत.

त्याच फलकावर आणखी एक जण लिहितो. त्याची सही असते ‘जिन्यातला बल्ब’. खरे नाव दोघेही देत नाहीत, म्हणून आपण दोघांनाही ‘निनावी’ म्हणून मोकळे होतो. पण ‘एक त्रस्त रहिवासी’ हे कुणाचे नावच नव्हे, ते कुणीही उचलावे आणि काम झाले की टाकून द्यावे. जुन्या निनावी पत्रांखाली ‘आपला एक हितचिंतक’ असायचा, त्याचाच हा भाऊबंद. (ठरलेली लग्ने मोडणाराही हितचिंतकच असायचा.) टोपणनाव एकाच माणसाचे असते आणि त्याने मागे काय काय लिहिले ते लोकांच्या लक्षात असते.

मराठीला हे नवे नाही. १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात गोपाळ हरी देशमुख ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहू लागले. नोकरी सरकारी आणि टीका स्वतःच्याच जातीवर, तेव्हा नाव का झाकले हे सांगायला नको. भाषा मवाळ मुळीच नव्हती. पण शंभरावर पत्रे एकाच नावाने आल्यामुळे आधीच्या पत्रातले वाक्य पुढच्या पत्रासमोर धरून जाब विचारता येत होता. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हा शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातले इतके उघड लिहिणारी ही विभावरी शिरूरकर कोण, यावरून गदारोळ झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. वादळ झाले म्हणून त्यांनी ते नाव टाकले नाही. पुढेही त्याच नावाने पुस्तके काढली.

सरकारदरबारी मात्र दोघांची मोट एकच. निनावी आणि खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करू नये, असे केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये सांगून टाकले. कार्यालयात कुणाची बढती जवळ आली की असली पत्रे कशी उगवतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे पटेल. पण जिवाची भीती असलेल्याने काय करायचे? महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. ते फुटले. २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यावरून देशभर संताप उसळला आणि २००४ मध्ये तिसरी वाट निघाली: नाव आयोगाला द्यायचे आणि आयोगाने ते कुणाला सांगायचे नाही. ही वाट ना निनावी, ना टोपणनावाची.

टोपणनाव घेतले म्हणजे माणूस सभ्य झाला, असे मला म्हणायचे नाही. आमचा बल्बही खवचट आहे. फरक दिसतो तो चूक झाल्यावर. पेपरवाला पोरगा जिन्यात थुंकतो, असे त्याने एकदा लिहिले. थुंकणारा निघाला दुसऱ्या मजल्यावर कामाला आलेला रंगारी. तिसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी लागली: ‘परवा पेपरवाल्याबद्दल लिहिले ते चूक होते. माफी मागतो. – जिन्यातला बल्ब.’ हीच माफी ‘एक त्रस्त रहिवासी’ने मागितली असती, तर ती नेमक्या कुठल्या त्रस्त रहिवाशाची हे कुणाला कळले असते?

दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठीखाली पेन्सिलीने ‘ओके’ लिहिलेले होते आणि शेजारी पोराने स्वतःचे नाव घातले होते.