डोळा लवतोय की अर्धा चेहरा ओढला जातोय?

पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, बाईचा डावा लवला तर शुभ. बेळगाव-खानापूरकडे हा हिशेब मराठी घरात आहे तसाच शेजारच्या कन्नड घरातही आहे. म्हणून डोळा लवू लागला की पहिला प्रश्न येतो, ‘कुठला?’ डॉक्टर मात्र वेगळंच पाहतात: डोळ्याबरोबर ओठाचा कोपरा हलतो का?

आपण ‘लवणं’ म्हणतो त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळतात. डोळ्याभोवती एक पातळ, गोलाकार स्नायू असतो. साध्या लवण्यात त्याचे मोजकेच तंतू थरथरतात, तेही बहुधा एकाच डोळ्याच्या खालच्या पापणीत. आपल्याला वाटतं समोरच्याला दिसत असेल, पण त्याला बहुतेकदा काहीच दिसत नाही. थरथर काही सेकंद ते काही मिनिटं राहते, थांबते, पुन्हा येते. असं काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे चालतं आणि आपोआप जातं.

दुसऱ्या प्रकाराला हेमिफेशियल स्पॅझम म्हणतात. चेहरा हलवणारी सातवी नस मेंदूतून बाहेर पडते तिथेच बहुतेक रुग्णांत एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. सततच्या दाबानं नसेचं आवरण झिजतं, नस नको तेव्हा संदेश सोडते आणि त्या बाजूचे स्नायू आवळले जातात. फसगत होते ती सुरुवातीला. हाही बहुधा एका डोळ्याच्या पापणीतूनच सुरू होतो, दमणूक आणि ताण यांनी हाही वाढतो. महिने-वर्षं जातात तसा तो गालावर, ओठावर, हनुवटीवर, कधी मानेपर्यंत उतरतो. बहुतेकांना चाळिशी-पन्नाशीत किंवा नंतर होतो.

ओळखायचं असेल तर आरशासमोर उजेडात बसा आणि झटका येईपर्यंत थांबा. पापणीची कड नुसती फडफडली, गाल-ओठ स्थिर राहिले, तर साधं लवणं. डोळा आवळून बारीक झाला आणि त्याच क्षणी ओठाचा कोपरा त्याच बाजूला ओढला गेला, तर नसेचा प्रश्न. भुवईकडेही बघा. आपण मुद्दाम डोळा घट्ट मिटतो तेव्हा भुवई खाली येते. डोळा मिटतोय आणि त्याच बाजूची भुवई वर चढतेय, हे ठरवून करणं जवळपास अशक्य, पण या विकारात ते दिसतं. घरच्यांना सांगा, झोपेत चेहरा बघा. हा झटका झोपेतही येऊ शकतो. काहींना त्या बाजूच्या कानात टिकटिक ऐकू येते. झटका चालू असताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेऊन ठेवा. दवाखान्यात पोचलं की झटका नेमका येत नाही, तेव्हा तो व्हिडिओच उपयोगी पडतो.

साध्या लवण्याला औषध क्वचितच लागतं. अपुरी झोप, जास्त चहा-कॉफी, ताण, कोरडे डोळे ही नेहमीची कारणं. वडगाव-शहापूरच्या मागावर रात्रपाळी करणाऱ्याला यातली तीन एकदम मिळतात: जागरण, त्यासाठी चहा आणि डोळ्यात जाणारी सुताची धूळ. निपाणीकडे तंबाखूच्या धुळीनं डोळे चुरचुरतात. दिवसाचा चहा दोन कपांवर आणा, झोपेच्या आधी सहा तास बंद. सात तास झोप, दिवसा का होईना, पण सलग. कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा. स्क्रीनवर काम असेल तर दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघा. डोळे कोरडे वाटत असतील तर कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून तीन-चारदा चालतात. मेडिकलमधून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब मात्र घालू नका; त्यांनी डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होऊ शकतो आणि तो कळतो तोवर नजर गेलेली असते.

हेमिफेशियल स्पॅझमला यातलं काही पुरत नाही. ताकदीच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन दबलेली नस सुटत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ एमआरआय करून घेतात, कारण क्वचित रक्तवाहिनीऐवजी गाठ असते. नेहमीचा उपाय म्हणजे आवळलेला स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनची बारीक इंजेक्शनं. गुण काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावी लागतात. पापणी थोडी उतरणं, डोळा कोरडा पडणं हे काही आठवडे होऊ शकतं. कायमचा उपाय हवा तर कानामागून शस्त्रक्रिया करून नस आणि रक्तवाहिनी यांच्यात टेफ्लॉनची गादी बसवतात. बहुतेकांना गुण येतो, पण त्या बाजूचं ऐकू कमी होण्याचा धोका आधी समजून घ्यायला हवा.

दोन्ही डोळे एकदम घट्ट मिटत असतील, उन्हात जास्त, आणि उघडायला बोटं लागत असतील, तर तो तिसराच विकार, ब्लेफरोस्पॅझम. गाडी चालवणं लगेच थांबवा.

लवणं तीन आठवड्यांपुढे गेलं, डोळा पूर्ण मिटू लागला, लाली-सूज-पू दिसला, पापणी उतरली, एकाचे दोन दिसू लागले किंवा गाल-ओठ सामील झाले, तर आधी नेत्रतज्ज्ञांकडे जा. खानापूरकरांना त्यासाठी बेळगाव सोयीचं, निपाणीकरांना कोल्हापूर जवळ. कन्नड डॉक्टर असतील तर ‘कण्णु अदरुत्तदे’ एवढं सांगून थांबू नका. त्यातूनही फक्त डोळा लवतो एवढंच कळतं. ओठाकडे बोट दाखवा, व्हिडिओ दाखवा.

आणि चेहरा उडत नसून एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर ‘वारं गेलं’ म्हणून झाडपाल्याच्या औषधाला नेऊ नका. लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्यातच गावापासूनचा रस्ता आणि सीटी स्कॅनचा वेळही धरायचा असतो.