कवटीतून उमगणारा वसंत

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळेत भूगोल नीट शिकलेला मनुष्य त्यावर लगेच हरकत घेतो, की दिवस वाढू लागतो तो २२ डिसेंबरनंतर, म्हणजे संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच. हरकत बरोबर आहे. पण आपल्या अक्षांशावर सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो आणि दिवसात पडणारी भर तोवर केवळ संध्याकाळच्या बाजूने पडते, त्यामुळे पहाटे उठणाऱ्या शेतकऱ्याला दिवस मोठा झाल्याचे जाणवते ते संक्रांतीनंतरच. ही भर असते मात्र अगदी थोडी. पुण्यातील सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, तर सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या जवळपास असतो आणि फेब्रुवारीत दिवस रोज जेमतेम एका मिनिटाने वाढतो. आपल्या गावीही नसलेला हा एक मिनिट परसातल्या पक्ष्यांना कळतो, आणि वसंताची पहिली चिन्हे त्या कळण्यातूनच उमटतात.

ही चिन्हे शोधायला रानात जावे लागत नाही. माघात अंगणात उतरणारा चिमणीचा नर हाताच्या अंतरावरून पाहावा. हिवाळ्यात पिवळसर तपकिरी असणारी त्याची चोच विणीच्या काळात बुडापासून काळी होत जाते. हा रंग चढतो तो रक्तातील नर-संप्रेरक वाढल्यामुळे. त्याच्या गळ्याखालचा काळा पट्टाही याच सुमारास ठसठशीत होतो, पण त्याचे कारण निराळे आहे. पावसाळ्यानंतर येणाऱ्या नव्या पिसांची टोके राखी असतात, ती हळूहळू झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. म्हणजे नवे पीस न येताही नर नवा पोशाख ल्यालेला दिसतो. जांभळ्या शिंजिराचा नर मात्र खरोखरच कात टाकतो. हिवाळ्यात तो मादीसारखाच मळकट पिवळा असतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत उतरणारी एक गडद रेघ तेवढी त्याला वेगळे ओळखायला पुरते. मग अंगावर निळ्या-जांभळ्या पिसांचे ठिपके पडू लागतात, आणि पांगारा फुलेपर्यंत सगळा पक्षी धातूसारखा चकाकू लागतो. हिवाळाभर गप्प असलेला दयाळ पहाटे छपराच्या टोकावर बसून गाऊ लागतो, तांबटाचे टुक-टुक लांबत जाते, आणि मग कोकीळ. (गाणारा तो नर, मादीचा आवाज किकिक असा कर्कश असतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे, तरीही कवितांतून कोकिळाच गात राहते.)

हे सारे थंडी सरल्यामुळे होते, हा समज फार पक्का आहे. वस्तुतः तापमानावर विसंबणे पक्ष्याला परवडणारे नाही. जानेवारीत चार दिवस उकडते आणि पुन्हा हुडहुडी भरते, हे आपण दरवर्षी अनुभवतो. परंतु पक्ष्याला घरटे, अंडी आणि पिल्ले यांच्यासाठी शरीर काही आठवडे आधीपासून सिद्ध करावे लागते. उडताना ओझे नको म्हणून पक्ष्यांची जननेंद्रिये एरवी आक्रसलेली असतात. चिमणीच्या नराचे वृषण हिवाळ्यात जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे असते, ते विणीच्या काळात सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि वजनात ही वाढ शेकडो पटींची असते. एवढी उलाढाल लहरी हवामानाच्या भरवशावर सोडण्यापेक्षा, कधीही न चुकणाऱ्या दिनमानाच्या भरवशावर सोडणे केव्हाही सुरक्षित.

याचा पहिला सबळ पुरावा मिळाला तो कॅनडातील एडमंटन येथे. विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञाने १९२४-२५ च्या हिवाळ्यात जंको नावाचे छोटे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज काही मिनिटांनी लांबवत नेला. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली होता, तरीही त्या कडाक्यात पक्ष्यांचे वृषण वसंतातल्यासारखे वाढले.

मग हा प्रकाश पक्षी पाहतो कशाने? डोळ्यांनी, असे उत्तर कोणीही देईल. पण ते चूक आहे. फ्रान्समध्ये झाक बन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग केले, तेव्हा डोळे नसलेली बदकेही वाढत्या प्रकाशाला प्रतिसाद देतात असे आढळले. पुढे अमेरिकेत टेक्सास येथे मायकेल मेनाकर आणि सहकाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या चिमणीवरच हा प्रश्न धसास लावला. मंद प्रकाशात ठेवलेल्या काही चिमण्यांच्या डोक्यावरची पिसे त्यांनी उपटली, तर काहींच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली. डोळे सर्वांचे तेच आणि प्रकाशही तोच, पण शाईवाल्या चिमण्यांचे वृषण वाढले नाहीत आणि पिसे उपटलेल्यांचे वाढले. सूर्यप्रकाश पिसे, कातडी आणि पक्ष्याची पातळ कवटी भेदून मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी तो थेट टिपतात, हाच याचा अर्थ. त्या पेशींतील प्रकाशग्राही प्रथिनांपैकी एक म्हणजे ऑप्सिन-५, हे जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले. मेंदूने थेट ऊन पाहावे, ही गोष्ट मला अजूनही कोणत्याही चमत्कारकथेपेक्षा अधिक अचंबित करते.

पण प्रकाश टिपणे वेगळे आणि दिवस मोजणे वेगळे. पक्षी प्रकाशाचे तास मोजून त्यांची बेरीज करत असावा, असे सहज वाटते. तसे नाही, हे ज्या प्रयोगाने दाखवले तो थोडा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. विल्यम हॅम्नर यांनी १९६३ मध्ये हाउस फिंच या पक्ष्यांना प्रत्येक खेपेला फक्त सहा तास प्रकाश दिला, आणि त्यानंतरच्या अंधाराची लांबी तेवढी बदलली. सहा तास प्रकाश आणि १८ तास अंधार, असे २४ तासांचे चक्र दिले तेव्हा वृषण वाढले नाहीत, कारण सहा तासांचा दिवस हा अगदी लहान दिवस. अंधार ३० तासांचा करून चक्र ३६ तासांचे केले, तेव्हा मात्र ते वाढले. चक्र ४८ तासांचे करताच वाढ पुन्हा थांबली आणि ६० तासांचे करताच पुन्हा झाली. ३६ तासांच्या चक्रात पक्ष्याला दर २४ तासांमागे सरासरी चारच तास प्रकाश मिळतो, म्हणजे वाढ न झालेल्या पक्ष्यांपेक्षाही कमी. तेव्हा बेरजेची कल्पना येथे निकालात निघते.

उलगडा असा आहे. पक्ष्याच्या शरीरात साधारण २४ तासांचे एक घड्याळ अंधारातही चालू असते. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात पडलेल्या प्रकाशाचा जननेंद्रियांवर परिणाम होत नाही, दुसऱ्या अर्ध्यात पडलेल्याचा होतो. चक्र ३६ तासांचे असेल तर दुसऱ्यांदा दिवा लागतो तेव्हा पक्ष्याच्या घड्याळात १२ तास उलटलेले असतात, संवेदनशील काळ सुरू झालेला असतो आणि प्रकाश नेमका त्यात सापडतो. चक्र ४८ तासांचे असेल तर दिवा लागतो तेव्हा घड्याळ फिरून पहाटेवर आलेले असते, आणि तो प्रकाश वाया जातो. रेशनचे दुकान ठरलेल्या वेळीच उघडते. बाकीचा दिवसभर ओट्यावर बसून काढला तरी धान्य मिळत नाही, आणि नेमक्या वेळी पाच मिनिटे हजर राहिले तरी मिळते, तसाच हा हिशेब आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्विन ब्युनिंग यांनी ही कल्पना १९३६ मध्येच वनस्पतींच्या संदर्भात मांडली होती, आणि सोयाबीनच्या फुलोऱ्यावर असेच प्रयोग १९५८ मध्ये नंदा आणि कार्ल हॅम्नर यांनी केले होते. हे दोन हॅम्नर निराळे, हे सांगितलेले बरे. निसर्गात सूर्य पहाटे घड्याळ जुळवून देतो, आणि दिवस लांबत गेला की एके संध्याकाळी मावळतीचा प्रकाश त्या संवेदनशील काळात शिरतो.

तेथून पुढची साखळी रसायनांची आहे. रक्ततपासणीच्या अहवालात टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक), टी-३ आणि टी-४ (थायरॉइडची संप्रेरके) ही अक्षरे अनेकांनी पाहिली असतील. येथे तीच मंडळी भेटतात, फक्त निराळ्या कामावर. जपानी लाव पक्ष्याला पहिला लांब दिवस मिळाला की पहाटेपासून सुमारे १४ तासांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या देठापाशी टीएसएच तयार होऊ लागते. हे टीएसएच गळ्यातल्या थायरॉइडकडे न जाता वर, हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाकडे जाते आणि आणखी सुमारे चार तासांनी तेथे एक विकर (एन्झाइम) जागे होते. ते विकर टी-४ या निष्क्रियप्राय संप्रेरकाचे रूपांतर टी-३ या सक्रिय संप्रेरकात करते. त्या टी-३ मुळे तेथील आधारपेशींचा आकार बदलतो, त्यांनी झाकून ठेवलेली चेतातंतूंची टोके मोकळी होतात, त्यांच्यातून जननसंप्रेरकांना चालना देणारे रसायन पाझरते, पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि वृषण व अंडाशय वाढीला लागतात. पहिल्या लांब दिवसापासून पीयूषिकेच्या जागृतीपर्यंतचा हा प्रवास एका दिवसातच पार पडतो.

येथे चाणाक्ष वाचकाला शंका येईल. लंडनमध्ये हिवाळ्यातला दिवस आठ तासांहूनही लहान आणि उन्हाळ्यातला साडेसोळा तासांचा. तेथे हे ठीक आहे, पण आपल्याकडच्या सव्वादोन तासांच्या फरकावर पक्ष्याचे भागते का? विषुववृत्ताच्या आणखी जवळ, पनामाच्या जंगलातील एका अँटबर्ड पक्ष्यावर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवस केवळ १७ मिनिटांनी वाढवला, तरी जननेंद्रियांची वाढ सुरू झाली. आपल्या ज्वारीच्या शिवारात हिवाळा काढणाऱ्या काळ्या डोक्याच्या भारिटावर तर भारतातच भरपूर संशोधन झाले आहे. हे पिवळ्याधमक पोटाचे पाहुणे कणसांवर थव्याने उतरतात, मार्च-एप्रिलपर्यंत अंगावर चरबी साठवतात आणि इराण व आग्नेय युरोपकडे विणीसाठी निघून जातात. प्रयोगशाळेत नुसता दिवस लांबवला तरी त्यांच्या अंगावर तशीच चरबी चढते. सुगरणीच्या बाबतीत मात्र प्रकाश केवळ पूर्वतयारी करून देतो. नर पावसाच्या आधीच पिवळा होतो, पण घरटे विणायला हिरव्या गवताच्या पात्या लागतात आणि त्या पावसाशिवाय मिळत नाहीत.

याच ठिकाणी एका जुन्या समजुतीचाही विचार करावा लागतो. कावळ्याने झाडाच्या कोणत्या बाजूला घरटे बांधले, टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की खोलगट जागी, यावरून यंदाच्या पावसाचे भाकीत करणाऱ्या बातम्या दर मे महिन्यात छापून येतात. पक्ष्याला दिनमानातून तारीख कळते, येणाऱ्या पावसाचे प्रमाण कळत नाही. शिवाय एकाच गावात, एकाच वर्षी एक कावळा पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला घरटे बांधतो. तेव्हा पेरणी कोणत्या कावळ्याच्या सल्ल्याने करावी, हे भाकीत करणाऱ्यांनीच सांगावे.

परसातील सगळेच जीव सूर्याच्या घड्याळावर चालत नाहीत. आंब्याच्या मोहोराला दिनमानापेक्षा गार रात्री अधिक महत्त्वाच्या असतात, आणि थंडी लांबली की कोकणातल्या बागायतदारांना पुनर्मोहोराची आणि त्यापायी होणाऱ्या फळगळीची धास्ती वाटते ती यामुळेच. कीटकांची वाढ बरीचशी तापमानावर चालते. पक्ष्याचे घड्याळ प्रकाशाला बांधलेले आणि त्याच्या पिल्लांचे अन्न उष्णतेला बांधलेले असेल, तर हवामान तापू लागल्यावर दोघांची चुकामूक होऊ शकते. नेदरलँड्समधील ग्रेट टिट पक्षी आणि त्यांच्या पिल्लांना लागणारे सुरवंट यांच्यात ती झालेली नोंदवली गेली आहे. मात्र एखादा पळस पंधरा दिवस आधी फुलला की लगेच ऋतुचक्र कोलमडल्याची हाकाटी करणे हा उतावळेपणा आहे. एका झाडाच्या एका वर्षावरून काहीच सिद्ध होत नाही.

प्रकाशाचे घड्याळ बिघडवण्याचे काम मात्र आपण सध्या थेट करत आहोत. म्युनिक येथील आणि जवळच्या जंगलातील ब्लॅकबर्ड पक्ष्यांच्या नरांना रात्रभर ०.३ लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) एवढा मंद उजेड दिला, तेव्हा त्यांचे वृषण अंधारातल्या पक्ष्यांपेक्षा जवळजवळ महिनाभर आधी वाढले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ०.३ लक्स म्हणजे पौर्णिमेच्या लख्ख चांदण्यापेक्षा फारसा अधिक उजेड नव्हे. वाडीवस्तीच्या खांबावर आता जे पांढरे दिवे रात्रभर जळतात, त्यांच्याखाली याच्या कितीतरी पट प्रकाश असतो. ज्यांना हे स्वतः पडताळायचे असेल त्यांनी दिव्याच्या खांबाजवळ रात्र काढणाऱ्या वीसेक आणि अंधाऱ्या वस्तीवरच्या तितक्याच चिमण्यांच्या नरांच्या चोची एकाच आठवड्यात पाहून, किती काळ्या, किती अर्धवट आणि किती तपकिरी अशी नोंद पौषापासून होळीपर्यंत दर पंधरवड्याला ठेवावी. आपल्याकडे चिमण्यांची वीण बरेच महिने चालते आणि सर्व नर एकाच दिवशी बदलत नाहीत, म्हणून एकट्यादुकट्या पक्ष्याची नोंद येथे उपयोगाची नाही.