आधी काळा हरवतो, मग डोंगर निळा होतो

अजिंक्यताऱ्यावरून सज्जनगडाकडे पाहिलं की त्यामागच्या डोंगररांगा एकीमागे एक फिकट होत गेलेल्या दिसतात. हा देखावा तैलरंगात उतरवताना हात आधी निळ्या ट्यूबकडे जातो. तो जरा आवरावा.

डोंगर आणि डोळा यांच्यामधली हवा सूर्यप्रकाश विखुरते. त्यातला काही प्रकाश आपल्याकडे येऊन डोंगराच्या प्रकाशात मिसळतो. ही भर गडद जागी सर्वांत आधी जाणवते, कारण सावलीतल्या कड्याकडून मुळात प्रकाश येतोच कमी. म्हणून लांबच्या डोंगरात काळा उरत नाही. उजेड-सावलीतली तफावतही सारख्या पायऱ्यांनी घटत नाही. समजा सज्जनगडापर्यंत ती निम्मी झाली, तर दुप्पट अंतरावर पाव उरेल, तिप्पट अंतरावर अष्टमांश. पहिली उडी मोठी, पुढच्या लहान. सगळ्या रांगा सारख्याच फरकानं फिक्या केल्या की चित्र सपाट पडतं ते यामुळे.

निळेपणाचं कारण ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलं. हवेचे रेणू ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा जवळपास सहापट विखुरतात. पावसानं धुतलेल्या हवेत हा निळा स्वच्छ दिसतो. उन्हाळ्यात मात्र धूळ आणि वणव्यांचा धूर असतो. ते कण मोठे, सगळे रंग जवळपास सारखेच विखुरणारे, म्हणून डोंगर करडे होतात. मला तेच जास्त आवडतात. अल्ट्रामरीन ब्लू आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून तो करडा छान जमतो; मागे जाताना त्यात पांढरा वाढवायचा.

याहून सुंदर युक्ती वेगळीच आहे. गडद डोंगर रंगवून पूर्ण वाळू द्यायचा. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यामुळे काही दिवस थांबावं लागतं. मग कोरड्या ब्रशनं पांढऱ्याचा अगदी विरळ थर त्यावर फिरवायचा. निळा रंग न लावताही डोंगर निळसर दिसू लागतो. काळ्या ताटलीतलं पाणी घातलेलं दूध निळसर दिसतं, तसंच हे. रंगातले बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि मागचा गडद थर उरलेला प्रकाश गिळून टाकतो. हवेचं काम कॅनव्हासवर खरोखरच घडतं.

क्षितिजावरच्या पांढऱ्या ढगांना मात्र ही निळाई लावू नये. त्यांच्या उजळ प्रकाशातला निळा भाग वाटेतच विखुरतो, म्हणून ते लांबून किंचित पिवळट दिसतात.