बेटावरचा अकरावा माणूस आणि बदललेला खुनी

पॅट्रिक नॅराकॉट मूळ कादंबरीत नाही. अगाथा ख्रिस्तीच्या 'अँड देन देअर वेअर नन' या कादंबरीवरून 2005 मध्ये कॉम्प्युटरसाठी गेम निघाला, त्यात खेळणाऱ्याने ज्याच्या पायांनी बेटभर हिंडायचं तो हा माणूस. कादंबरीत फ्रेड नॅराकॉट नावाचा नावाडी पाहुण्यांना बेटावर सोडून परत जातो. गेममध्ये ती खेप त्याच्या भावाने केली आहे. भावाची नाव कुणीतरी निकामी करून ठेवतो आणि बेटावरच्या दहा जणांबरोबर तोही तिथेच अडकतो. कादंबरीत या दहाही जणांवर जुन्या मृत्यूचा आरोप आहे. एका बडबडगीताच्या ओळींप्रमाणे ते एकेक करून मरतात आणि दर मृत्यूबरोबर जेवणघरातल्या दहा पुतळ्यांतला एक नाहीसा होतो.

खान्देशात अगाथा ख्रिस्ती बहुतेकांनी वाचनालयातल्या मराठी अनुवादांतून वाचली. मराठी रंगभूमीवरच्या एका ज्येष्ठ नटाने तिच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्या जळगाव-धुळ्याच्या कपाटांतही पोचल्या. पुस्तक आधी आणि गेम मागाहून, असा क्रम असलेल्या वाचकाला दोन प्रश्न पडतातच. हा अकरावा माणूस आला कुठून? आणि शेवटाला पोचल्यावर, खुनी का बदलला? ही नोंद त्या दोन प्रश्नांची आहे. खुन्याचं नाव मात्र तिच्यात कुठेच येणार नाही, ना कादंबरीतल्या ना गेममधल्या.

कादंबरीचं आणि कॉम्प्युटर गेमचं नातं 2005 च्या बरंच आधीचं आहे. 1980 मध्ये अमेरिकेत ॲपल टू या यंत्रासाठी 'मिस्ट्री हाउस' निघाला. साहसकथेच्या गेमला चित्रं मिळाली ती इथे, साध्या रेषांची 70 चित्रं. तो रचणाऱ्या बाईंसमोर हीच कादंबरी होती: एक घर, बंद झालेली माणसं, एकेक प्रेत. खेळणाऱ्याने क्रियापद आणि नाम अशा दोन शब्दांत हुकूम टाइप करायचा. 1982 मध्ये एका शब्दप्रधान गेमने तपासाची कागदपत्रंच खोक्यात घालून दिली, कारण जबाब आणि प्रयोगशाळेचा अहवाल डिस्कवर मावत नव्हते. त्यात खेळणाऱ्याला गेमच्या घड्याळाचे बारा तास मिळत, तेवढ्यात गुन्हेगार पकडायचा. दोन्ही गेमच्या कथा मात्र स्वतंत्र होत्या. छापील कादंबरी उचलून तिचीच माणसं आणि तिचेच खून खेळायला देणं हे वेगळं आणि कितीतरी अवघड काम आहे. त्यातही ही कादंबरी सगळ्यांत अवघड.

कारण असं की या बेटावर डिटेक्टिव्ह नाही. पोलीस, ख्रिस्तीचा नेहमीचा डिटेक्टिव्ह पॉयरो, कुणीच नाही. दहाही जण संशयित आणि दहाही जण भक्ष्य. उलगडा बेटावरच्या कुणाच्या तर्काने होत नाही, मागाहून बाहेरून येतो. वाचकाला हे चालतं, कारण त्याला काही करायचं नसतं. गेम खेळणाऱ्याला दार उघडायचं असतं, कान लावायचा असतो, पेटी तपासायची असते. पाहुण्यांपैकी कुणालाही त्याच्या हाती दिलं तर दोन अडचणी येतात. तो माणूस स्वतःचं जुनं पाप जाणतो, मग ते खेळणाऱ्यापासून लपवायचं कसं? आणि ठरल्या ओळीला तो मरतो, मग पुढे खेळायचं कुणी? गाण्यात ज्याची ओळच नाही असा माणूस आणणं भाग होतं. नावाड्याचा भाऊ निवडणं ही उत्तम निवड म्हणायला हवी. तो नोकरवर्गातला नाही, पाहुणाही नाही, त्यामुळे स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत त्याला कुठेही वावरता येतं आणि त्याच्यावर फारसं कुणी लक्ष ठेवत नाही.

दुसरा बदल म्हणजे कुणीतरी वाचू शकतं. पॅट्रिकने शेवटच्या भागात काय केलं त्यावर कोण जिवंत राहील ते ठरतं आणि त्यानुसार चार वेगवेगळे शेवट आहेत. यावर 'कादंबरीचा गळा घोटला' असा आरोप होतो, पण तो टिकत नाही. हे दार स्वतः लेखिकेने उघडलं होतं. कादंबरी 1939 ची. 1943 मध्ये लंडनच्या रंगमंचावर नाटक आलं तेव्हा तिनेच शेवट बदलला. सगळे मेल्यावर रंगमंचावर उरलेली गोष्ट सांगायला कुणी नव्हतं आणि युद्धाच्या दिवसांत इतका काळा शेवट प्रेक्षकांपुढे ठेवायचा नव्हता. मूळ बडबडगीताला शेवटच्या ओळीचा एक पर्यायी पाठ आहे. त्यात उरलेला एकटा फाशी न घेता लग्न करतो. नाटकाने तो पाठ धरला, 1945 च्या सिनेमानेही तोच धरला. थोडक्यात, वाचलेली माणसं असलेला शेवट गेमपेक्षा सहा दशकांनी जुना आहे.

खुनी बदलण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. नाटकाने वाचणारे बदलले, मारणारा तोच ठेवला. गेमने मारणाराच बदलला. बनवणाऱ्यांची बाजू सहज समजते: जगात सर्वाधिक खपलेल्या रहस्यकथांत या कादंबरीचं नाव घेतलं जातं, म्हणजे विकत घेणाऱ्यांपैकी अनेकांना उत्तर ठाऊक. पहिल्या अर्ध्या तासातच खेळणारा एका माणसामागे लागला तर पुढचे सगळे तास वाया. ही अडचण खरी आहे.

पण ख्रिस्तीचा खुनी चिठ्ठी उचलून काढलेला नसतो. या कादंबरीत कोणी, कोणाला, कोणत्या क्रमाने मारलं याला एक तर्क आहे. दोष जितका जड तितकी वाट पाहणं लांब. तो क्रम लावणारा माणूस एका विशिष्ट स्वभावाचाच असू शकतो. गाण्याच्या एका ओळीत तर खुन्याच्या युक्तीकडे उघड बोट दाखवलेलं आहे, पहिल्या वाचनात कुणाचं तिकडे लक्ष जात नाही इतकंच. खुनी बदलला की क्रम तोच राहतो आणि त्याचं कारण नाहीसं होतं. ओळ तीच राहते, पण नुसती शोभेची. नव्या खुन्यासाठी गेमने वेगळा हेतू आणि पुरावे पेरले आहेत. मात्र त्यांतले बरेच अगदी शेवटी हाती येतात, आणि तोवर खेळणाऱ्याकडे तर्क करायला पुरेसं काही नसतं. आक्षेपाचा गाभा हा आहे. पवित्र ग्रंथाला हात लावल्याचा हा राग नाही. वाचकासमोर सगळे पत्ते उघडे ठेवायचे, हा या कथाप्रकाराचा करार इथे सैल झाला. मूळ खुनी तोच ठेवून त्याच्यापर्यंत पोचायची वाट नवी केली असती, तर पुस्तक वाचलेल्यालाही खेळायला भरपूर उरलं असतं. गेम संपल्यावर कादंबरीचा मूळ शेवट पाहायला मिळतो. बनवणाऱ्यांनाही तो पुरता गाळवला नाही, ही नोंद घ्यायला हवी.

गोंधळाची आणखी एक जागा पुतळ्यांची. जुन्या छापील प्रतींत, नव्या आवृत्तीत आणि गेममध्ये गाण्यातले दहा जण वेगवेगळे आहेत. ब्रिटनमधलं पहिलं शीर्षक वंशद्वेषी शब्दाचं होतं. अमेरिकेत 1940 मध्येच ते बदललं, ब्रिटनमध्ये 1985 पर्यंत रेंगाळलं. पुढच्या आवृत्त्यांत सैनिक आले, गेममध्ये खलाशी आहेत. गाण्याच्या ओळी ताडून पाहताना हातातल्या प्रतीत 'खलाशी' सापडत नाहीत म्हणून प्रत चुकीची ठरत नाही. कोण कसा मेला हे क्रियापद पाहावं.

खेळताना अडकायला होतं ते बहुधा पुराव्यापायी नव्हे. या गेममध्ये वेळ आपोआप सरकत नाही. ठरलेल्या जागी जाणं आणि ठरलेलं बोलणं पूर्ण झाल्याशिवाय पुढचा खून होतच नाही. अमुक माणसाचा अमुक विषय विचारायचा राहिला की अख्खं बेट थबकतं, आणि खेळणारा बाहेर किनाऱ्यावर खडे उलटत बसतो. म्हणून दर प्रेतानंतर एकच फेरी ठरवून घ्यावी. आधी जेवणघरातले पुतळे मोजायचे, मग वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या दाराला कान लावत, मग खाली, शेवटी बाहेर. जो भेटेल त्याचे सगळे विषय संपवायचे, उत्तर पुन्हा तेच येऊ लागलं की तो संपला. सापडलेल्या वस्तू एकमेकींना जोडून पाहायच्या त्या ही फेरी झाल्यावर. वहीत दहा ओळींचा तक्ता पुरतो: नाव, आरोप, शेवटचं कुठे दिसलं, गाण्याची ओळ. सबटायटल चालू ठेवावेत, कारण संवादातला ब्रिटिश उच्चार पळता असतो. तिघेचौघे मिळून खेळत असतील तर एकाने माउस धरावा आणि एकाने वही. सेव्ह निदान दोन ठेवावेत, एक भागाच्या सुरुवातीचा, एक चालू. शेवटच्या भागाआधी तिसरा वेगळा करून हात लावू नये, चारही शेवट त्याच एका सेव्हवरून पाहता येतात.

हा गेम आला त्या वर्षांत इकडे भारनियमन कडक होतं. आजही वळवाच्या पावसात लाईट जाते, डेस्कटॉप असेल तर दर खोलीनंतर सेव्ह करण्याची सवय बरी. नव्या यंत्रांवर वेगळ्या अडचणी आहेत. त्या काळच्या अनेक डिस्कवर कॉपी रोखणारी जी यंत्रणा असे तिचा ड्रायव्हर विंडोज 10 चालवत नाही, मग डिस्क घालूनही गेम 'डिस्क घाला' म्हणत राहतो. डाउनलोडची आवृत्ती मिळाली तर हा प्रश्न सहसा येत नाही. जुना गेम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये टाकला तर विंडोज त्याचे सेव्ह गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये वळवू शकतं आणि शोधणाऱ्याला ते उडाले असं वाटतं. सी ड्राइव्हवर साधं वेगळं फोल्डर करून तिथे इन्स्टॉल करावं. चित्र रुंदीला ताणलं जात असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये मूळ प्रमाण राखायचा पर्याय निवडावा. भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. अशात जुने गेम फ्रेमवर मर्यादा नसल्याने ग्राफिक्स कार्ड उगाच पूर्ण ताकदीने पळवतात आणि लॅपटॉप तापून बंद पडतो. ड्रायव्हरमधलं व्ही-सिंक, म्हणजे फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाला बांधणारी सेटिंग, चालू केलं की बऱ्याचदा भागतं.

2005 च्या वादाची छाया पुढच्या गेमवर पडलेली दिसते. 2006 च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'मध्ये पॉयरोचा पाय दुखावलेला आहे आणि सगळी धावपळ आंत्वानेत मार्सो ही नवी बाई करते. इथे अकरावा माणूस पुन्हा आला, पण मूळ उलगडा पुसला नाही, त्यात भर घातली. 1934 ची ही कादंबरी तशी गेमला सोयीची. गाडी बर्फात थांबलेली, डबा एक, संशयित मोजके, सामान तपासायचं आणि जबाब ताडायचे. अडचण एवढीच की पुस्तकाचा मधला मोठा भाग ओळीने घेतलेल्या जबाबांचा आहे आणि तो जसाच्या तसा खेळायला कंटाळवाणा होतो. म्हणून गेम जबाबांमध्ये डब्यांच्या फेऱ्या घालतो. 2007 च्या 'ईव्हिल अंडर द सन'मध्ये त्या कादंबरीत नसलेला, पॉयरोचा मित्र हेस्टिंग्ज आहे, पॉयरो त्याला घडून गेलेलं प्रकरण सोडवायला देतो.

नऊ वर्षांनी, 2016 मध्ये, एका फ्रेंच स्टुडिओने 'द एबीसी मर्डर्स' आणला आणि खुनी न बदलताही गेम होतो हे दाखवून दिलं. तिथे खेळणारा स्वतः पॉयरो असतो. माणसाकडे नीट पाहून खुणा टिपायच्या, त्यांतून निष्कर्ष जोडायचा, शेवटी गुन्हा पायरीपायरीने उभा करायचा. आरशात मिशी नीट केली तरी गुण मिळतात. कथेत प्रत्येक प्रेताजवळ रेल्वेचं वेळापत्रक सापडतं, त्यामुळे जंक्शनच्या गावात वाढलेल्यांना हा गेम लवकर जवळचा होतो. उत्तर ठाऊक असलं तरी ते सिद्ध करायचं काम उरतंच.

2023 मध्ये दुसऱ्या चमूने 'ओरिएंट एक्सप्रेस' नव्याने केला तेव्हा काळ आजचा घेतला, मोबाइलसह. जोआना लॉक नावाची अमेरिकन डिटेक्टिव्ह जोडीला दिली. मूळ उलगडा ठेवला आणि कादंबरी जिथे संपते त्याच्या पुढे कथा नेली. पुस्तक वाचलेल्याला चकित करायची जुनी गरज इथे खुन्याला हात न लावता भागवली आहे. म्हणून 2023 चा गेम पुस्तक वाचून खेळला तरी हरकत नाही. 2005 चा मात्र पुस्तक आधी वाचूनच खेळावा, नाहीतर काय बदललं आणि त्याने काय गेलं हे कळायला मार्ग राहत नाही.