वॉटर्लूची बातमी आणि रॉथ्सचाइल्डची श्रीमंती

ज्यू सावकार नेथन रॉथ्सचाइल्डने १८१५ साली नेपोलियनचा पाडाव करणारी वॉटर्लूची लढाई डोळ्यांनी पाहिली, वादळात समुद्र ओलांडून सर्वांआधी लंडन गाठलं आणि शेअर बाजारात प्रचंड संपत्ती कमावली, अशी गोष्ट सांगतात. ती खोटी आहे. नेथन तेव्हा लंडनमध्येच होता. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८४६ मध्ये, एका ज्यूद्वेष्ट्या फ्रेंच पुस्तिकेने ही कथा पसरवली; १९४० मध्ये नाझींनी तिच्यावर चित्रपटच काढला. इतकं विष एका अफवेत!

खरी कमाई वेगळी होती. परमुलखात ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या फौजेचा पगार आणि दाणागोट्याचे पैसे नाण्यांतच चुकते करावे लागत. इंग्लंडच्या कागदी नोटा तिथे कोण घेणार? १८१४ पासून ब्रिटिश सरकारसाठी युरोपातून ही नाणी जमवायचं काम नेथनकडे होतं, कमिशनवर. वॉटर्लूनंतर युद्ध झटकन संपलं, तेव्हा फौजेला नाण्यांची गरज उरली नाही आणि उलट जमवलेलं सोनंच त्याच्या गळ्यात पडलं.