कॅरोसेल संग्रहालयातील गटभेटी व शालेय उपक्रम

कोरीव लाकडी घोड्यांची जुनी मेरी-गो-राउंड, म्हणजेच कॅरोसेल, जतन करणारी संग्रहालये शाळांसाठी व सहलीच्या गटांसाठी मार्गदर्शकासह भेटी आखतात आणि काही वेळा साहित्य घेऊन स्वतः शाळेत जातात. अशी संग्रहालये प्रामुख्याने अमेरिकेत आहेत. न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ टोनावांडा येथे कॅरोसेल बनवणाऱ्या ॲलन हर्शेल यांच्या कंपनीच्या मूळ कारखान्यातच १९८३ साली संग्रहालय सुरू झाले. ओहायोतील सँडस्कीचे संग्रहालय जुन्या टपाल कार्यालयाच्या इमारतीत आहे, तर कनेक्टिकटमधील ब्रिस्टल येथे न्यू इंग्लंड कॅरोसेल संग्रहालय आहे.

गटभेटीसाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. मोठा गट असल्यास त्याच्या तुकड्या पाडतात. एक तुकडी घोडे घडवण्याची कार्यशाळा पाहते, तेव्हा दुसरी घोड्यांवर बसलेली असते. मात्र जमेल तेथे आधी कार्यशाळा आणि मग फेरी हाच क्रम ठेवावा. घोडा कसा घडतो हे पाहून आलेले मूल त्यावर बसण्याआधी त्याची मान, आयाळ, खोगीर निरखून पाहते. थेट फेरीला आलेल्या मुलांना तेवढा धीर नसतो.

कार्यशाळेत दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे घोडा एका ओंडक्यातून कोरलेला नसतो. बासवुडसारख्या मऊ लाकडाच्या फळ्या सरसाने जोडून धडाची पोकळ पेटी करतात. डोके, पाय वेगळे कोरून त्याला जोडतात. पोकळीमुळे वजन घटते आणि लाकूड तडकण्याचा धोकाही कमी होतो. अनेक घोड्यांना शेपटी मात्र खऱ्या घोड्याच्या केसांची असे. अमेरिकी कॅरोसेल घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. त्यामुळे प्रेक्षकांकडे घोड्याची उजवी बाजू येते आणि सगळी नक्षी, रत्ने, फुले त्याच बाजूला असतात. डावी बाजू बरीच साधी असते. इंग्लंडमधील कॅरोसेल उलट फिरत असल्याने तिथल्या घोड्यांची डावी बाजू सजते. मार्गदर्शकाने हे आधी न सांगता मुलांना दोन्ही बाजू पाहायला लावावे. कारण ती स्वतःच शोधून काढतात.

विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना फिरते यंत्र हवे असते. घोडे वरखाली होतात ते छताखालच्या क्रँकमुळे, म्हणजे वाकवलेल्या फिरत्या दांड्यामुळे: मंच फिरला की क्रँकच्या टोकाची दंतचक्रे मधल्या स्थिर दंतचक्रावरून फिरतात आणि क्रँकला लटकलेला दांडा घोड्याला उचलतो. केंद्रापासून ३ मीटरवरचा घोडा एका फेरीत सुमारे १९ मीटर जातो, तर ६ मीटरवरचा सुमारे ३८ मीटर. वेळ दोघांना सारखाच लागतो, म्हणून बाहेरच्याचा वेग दुप्पट. हे गणित आधी फळ्यावर सोडवून मग दोन्ही रांगांत बसून पाहता येते. वर्गात ही सोय नाही.

संगीताचा भागही तितकाच मोलाचा आहे. वाद्ये बनवणाऱ्या वुर्लिट्झर कंपनीचा कारखानाही नॉर्थ टोनावांडातच होता. तिच्या बँड ऑर्गनमध्ये, म्हणजे कॅरोसेलसोबत आपोआप वाजणाऱ्या नळ्यांच्या वाद्यात, छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी फिरते आणि कुठले छिद्र कधी येते त्यावर कुठली नळी कधी वाजायची हे ठरते. हर्शेल संग्रहालयात या गुंडाळ्या बनवणारी यंत्रेही आहेत. आज्ञावली म्हणजे काय, हे संगणकाशिवाय समजावण्याचे इतके सुबक साधन क्वचितच सापडेल.

शाळेत जाताना फिरते यंत्र नेता येत नाही. न्यायचे ते न रंगवलेले तुकडे, पटाश्या, गुंडाळीचा नमुना, रंगांचे थर खरवडून दाखवलेली फळी असे हाताळण्याजोगे साहित्य. मूळ घोड्यांना हात लावू न देणे योग्यच आहे, कारण घामाने व घासण्याने जुना रंग जातो; म्हणूनच हाताळायचा संच वेगळा असावा लागतो.

घोड्यावर चढता न येणाऱ्यांसाठी कोरीव रथासारखी बाके असतात आणि न हलणारे उभे घोडेही असतात. नोंदणीच्या वेळीच गटाने अशी गरज कळवली, तर चढण्या-उतरण्यासाठी जास्त वेळ राखून ठेवता येतो.